शेवटच्या गाण्यातले सहा सेकंद

भोपाळातल्या तमाम मराठी मंडळींत दर वेळी चुकीच्या जागी, आणि तीही अगदी अचूक, टाळी वाजवणारा एकच माणूस होऊन गेला. ते माझे थोरले साडू. गणपतीच्या आरतीला आपण सगळे ठोक्यावर टाळी वाजवतो. हे दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये वाजवत. टाळी एकट्या माणसाची, पण इतकी ठाम, की दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी मंडळी त्यांच्या बाजूला घसरलेली असत आणि तिसऱ्यात आरती कोसळे. सलग चार वर्षं आमच्या मंडळाची एकही आरती शेवटपर्यंत एका लयीत गेली नाही, हे मी मोजून सांगतो. पाचव्या वर्षी सेक्रेटरींनी त्यांच्या दोन्ही हातांत प्रसादाचं ताट दिलं, तर हे पायाने ठोका देऊ लागले. मी रागावलो. त्यावर म्हणाले, "साडूबुवा, तुम्ही सगळे एकाच जागी गर्दी करता. मधे एवढी जागा मोकळी पडलेली असते, तिथे कुणी जायचं?"

या सवयीचं मूळ स्का पंक नावाच्या संगीतात होतं. मला त्यातलं एवढंच कळलं, की गिटार ठोक्यावर न येता दोन ठोक्यांच्या मधे येते, वर पितळी वाद्यं ओरडतात आणि सगळे जण गाडी सुटत असल्यासारखे घाईत असतात. साडू गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. कारखान्याचा बँड होता, त्यात ते ट्रॉम्बोन वाजवत. बँड बंद पडला आणि ट्रॉम्बोन घरी आला. त्यांच्या मागच्या ब्लॉकमधली मानसी ड्रम वाजवायची. तिला आणि तिच्या दोन मित्रांना त्यांच्या स्का पंकसाठी पितळी वाद्यवाला हवा होता. ती म्हणाली, "अंकल, शादीवाला नहीं चाहिए, थोड़ा बदतमीज़ बजाना है." साडू म्हणाले, "बेटा, बदतमीज़ी तो हम तीस साल से दबा के बैठे हैं."

कोटरा सुल्तानाबादचं त्यांचं घर दोन खोल्यांचं. सराव न्हाणीघरात चाले, कारण तिथे आवाज घुमतो. पण ट्रॉम्बोनची नळी खालच्या सुरांसाठी पुढे सरकवावी लागते आणि न्हाणीघर तेवढं लांब नव्हतं. म्हणून दार उघडं ठेवून ते वाजवत आणि दर खालच्या सुराला नळीचं टोक स्वयंपाकघरात येई. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, सुरुवातीला चिडल्या. मग त्या टोकावर ओलं फडकं वाळत घालू लागल्या. नळी सहज सरकावी म्हणून साडू तिला खोबरेल लावत. पहिल्याच जानेवारीत भोपाळच्या थंडीत खोबरेल थिजलं आणि ट्रॉम्बोन एका सुरावर अडकून बसला. मग दोघं गच्चीत उन्हाला बसून त्याला शेकत होते. अक्का म्हणाल्या, "तीळगुळाला पाहुणे यायचेत आणि आम्ही हे बाळंतपण करतोय."

मानसी आणि तिच्या मित्रांना एकेक गाणं सुटं फोनवर टाकायचं होतं. साडूंनी साफ नकार दिला. "सुटी विकायला ती केळी आहेत का? अल्बम करायचा. स्टुडिओत. पहिलं गाणं पहिलं, शेवटचं शेवटी." आणि अल्बम किती लांब हवा? तर घरापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत त्यांची स्कूटर जायला जितका वेळ लागतो तितका. तीस वर्षं तो रस्ता गाण्याशिवाय गेला, असं त्यांचं म्हणणं. मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी सहा दिवस घड्याळ धरून मागे बसलो. सरासरी चौतीस मिनिटं. एक दिवस कुणा मंत्र्याच्या ताफ्यासाठी रस्ता अडवला होता, तो मी हिशेबातून वगळला. त्यावरून आमचं दोन दिवस भांडण झालं. थांबणं हाही प्रवासच, असं ते म्हणत.

कोलार रोडवरच्या एका कॉलनीत, भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत, रविवारी सकाळी रेकॉर्डिंग चालत असे. अकरा गाणी झाली. बारावं, शेवटचं, उरलं होतं. ते संथ होतं आणि त्याच्या अखेरीस ट्रॉम्बोनचा एकच सूर सोळा ठोके धरायचा होता, म्हणजे नऊ सेकंद. एके काळी साडू एका श्वासात एकवीस सेकंद धरत. मीच मोजले होते. पण त्या वर्षी त्यांना जिना चढवेना. डॉक्टरांनी फुप्फुसांचं काय ते सांगितलं आणि हेही सांगितलं, की ती आता सुधारणार नाहीत. दिवाळीत चौदा सेकंद झाले. डिसेंबरात नऊ. जानेवारीत सहा. ते विचारत, "किती?" आणि मी खरं सांगत असे. मला दुसरं काही सांगताच येत नाही. एकदा अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आकडा थोडा वाढवून सांगितला तर जीव जाईल का हो तुमचा?"

त्या रविवारी चार वेळा गाणं झालं आणि चारही वेळा सूर सहाव्या सेकंदाला तुटला. एक मित्र म्हणाला, "अंकल, कंप्यूटर में खींच के लंबा कर देंगे." साडूंनी नकारार्थी मान हलवली. पाचव्या वेळी मानसीने कुणालाच न विचारता काठ्या आपटून लय धरली, ती दीडपट. संथ गाणं धावत सुटलं आणि सोळा ठोके सहा सेकंदांत बसले. सूर शेवटच्या ठोक्यावर संपला. साडू भिंतीला टेकले.

"बेटा, ये तूने जान के किया."

"नहीं अंकल, हाथ भाग गया."

"झूठी," ते म्हणाले, आणि दम लागेपर्यंत हसले.

गाणं तीन मिनिटांचं दोन मिनिटांवर आलं. अल्बम आता फाटकाच्या एक मिनिट आधी संपतो, हे मी नाइलाजाने त्यांच्या कानावर घातलं. "एक मिनिट लवकर पोहोचलो, तर कारखाना काही परत पाठवत नाही," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी मानसी तयार अल्बम ऐकवायला घरी आली. शेवटच्या सुराआधी त्यांनी घेतलेला श्वास त्यात ऐकू येत होता, घरघरीसकट. साडू ओशाळले. "बेटा, ये निकाल दे. लोगों को क्या मेरी बीमारी सुनानी है?" मानसीने काही म्हणण्याआधी अक्का म्हणाल्या, "राहू दे ते."

चैत्रात साडू गेले.

परवा मी भेटायला गेलो, तेव्हा अक्का फोन घेऊन बसल्या होत्या. बारावं गाणं लावलं होतं. ड्रम थांबला, तशी त्यांनी मला हाताने गप्प बसायची खूण केली. "आता घेतील बघा." श्वास आला. मी पुढच्या सहा सेकंदांची वाट पाहत होतो, पण तिथेच त्यांनी बोटाने गाणं थांबवलं.

मी म्हटलं, "अक्का, सूर राहिला की."

"रोज इथेच थांबवते," त्या म्हणाल्या. "एवढा श्वास त्यांच्याजवळच असू दे."