सोमवारी न सापडणारा बिघाड

पडदा वर जातो. हैदराबादचा बरकतपुरा, आमच्या इमारतीचा तळमजला. मध्यभागी लिफ्ट, दारावर हळदीकुंकवाचे पट्टे, वर लिंबू-मिरची. समोर स्टुलावर मांडीवर वही घेऊन धम्मानंद, लिफ्टचा मेकॅनिक. मी आयुष्य रंगमंचावर काढलं, पण इतका वेळ गप्प बसूनही नजर खिळवून ठेवणारा नट मला भेटला नाही.

त्याचे वडील परभणीहून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. मुलगा वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. कंपनीने त्याला आमच्यासाठी सोमवार नेमून दिलेला. सोमवारी आमची लिफ्ट इतकी शहाण्यासारखी वागायची की तक्रार करणाऱ्यालाच लाज वाटावी. नंतर आठवड्यात कधीतरी मध्येच थांबायची.

मागच्या महिन्यात चौथ्या मजल्यावरची तारामतीबाई पाऊण तास आत अडकली. अर्धांगवायूने तिचा डावा पाय अधू झालाय, रोज व्यायामासाठी दवाखान्यात जावं लागतं. सोसायटीच्या समितीने बैठक घेतली, उस्मानिया बिस्किटं संपवली आणि बाईच्या काळजीपोटी लिफ्ट कायमची बंद करायचं ठरवलं. म्हणजे बाई अडकणार ती अडकणारच, फक्त घरात. अशी करुणा नशिबानेच लाभते.

"यंत्र मेलंय, मियाँ," अध्यक्ष हणमंतराव धम्मानंदला म्हणाले. "हौ म्हण अन् सोड."

"मेलेलं यंत्र रोज मेलेलं असतं, काका. हे तर रोज चालतंय. कधी थांबतं तेवढं बघू द्या."

त्याने तारामतीबाईला लिफ्ट थांबल्याचे वार लिहून ठेवायला सांगितलं होतं. सगळे शुक्रवार नाहीतर शनिवार निघाले. म्हणून गडी रजा टाकून शुक्रवारी सकाळीच स्टुलावर येऊन बसला.

नऊ वाजता हणमंतराव दर शुक्रवारच्या लिफ्टपूजेचे नारळ घेऊन आले. "काय, पोरगी बघायला आलास का?" असं म्हणत त्यांनी लिफ्टच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. मग दुसरा. आधी एकच असायचा; लिफ्ट वारंवार थांबायला लागल्यावर त्यांनी डोस वाढवला होता. पाणी दाराच्या खाचेत उतरलं, त्यावर मूठभर कुंकू पडलं.

दुपारपर्यंत खाचेत चिकट लगदा झाला. धम्मानंदने बटण दाबलं. दार आलं आणि मिटता मिटता केसभर आधी थांबलं.

त्याने हणमंतरावांना बोलावून खाच दाखवली. "दार नीट बसत नाही. मग हादरा बसला की लिफ्ट असेल तिथे थांबते. रविवारी झाडूवाली गंगूबाई फरशी धुते, खाच साफ होते. सोमवारी मी येतो तेव्हा सगळं ठीक."

"म्हणजे पूजेनं बिघडली म्हणतोस? तू तर म्हणणारच!"

"पूजेनं नाही काका, पाण्यानं. नारळ अंगणात फोडा, अन् खोबरं मलाही द्या."

समितीने ठराव मागे घेतला आणि बिघाड शोधल्याबद्दल अध्यक्षांचे एकमताने आभार मानले. धम्मानंदला बिस्किटही मिळालं नाही. तो खाच घासत होता.

तारामतीबाई काठी टेकत लिफ्टमध्ये शिरली. "पोरा, आता नाही ना रे बंद पडायची?"

"पडेल की मावशी, यंत्र आहे. पण थांबली की लगेच फोन करा. चालू झाल्यावर नक्को."