जुळलेल्या भुवया

ज्ञानूतात्याची नजर म्हणजे पारख्याची नजर, असं कुंडलच्या आसपासची दहा गावं म्हणायची. आणि अकरावा म्हणणारा खुद्द तात्या. खरसुंडीच्या बाजाराला बैल घ्यायला निघालेला माणूस आधी त्याच्या ओसरीवर टेकायचा आणि त्याला बरोबर घेऊनच पुढं जायचा. अंगावरचे भोवरे, शिंगांची ठेवण, शेपटाचा गोंडा, खुरांचा रंग बघत तात्या जनावराभोवती एक फेरी मारायचा. त्यानं मान हलवली की सौदा ठरला.

इथवर ठीक होतं. पण बैल बघून झाले की तात्या माणसांकडं वळायचा. बुटक्याच्या पोटात कपट, घाऱ्या डोळ्यांच्या माणसाला शब्द देऊ नये आणि ज्याच्या भुवया जुळल्या त्याची सावलीसुद्धा दारात नको. हे त्याच्या आईनं शिकवलं होतं, आणि आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तात्या स्वतःच्या कपाळाचीही फार निगा राखायचा. दर आठवड्याला दादासो न्हावी दाढीबरोबर भुवयांच्या मधली गंधाची जागा वस्तऱ्यानं लख्ख करून द्यायचा. ही रीतही आईनंच लहानपणी लावून दिलेली.

आता कोंडीबा मेंढपाळाच्या भुवया जुळलेल्या होत्या, याला तो बिचारा काय करणार? काळा सुरवंट कपाळावर आडवा झोपावा तशा त्या दिसायच्या. दिवाळी सरली की आटपाडीकडचा हा माणूस दीडशे मेंढरं घेऊन कुंडलच्या रानात उतरायचा. गावकरी त्याला हात धरून आपल्या शेतात न्यायचे. चार रात्री मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं खत पडायचं आणि पुढं वर्षभर पीक जोमात यायचं. तात्याचा ऊस मात्र नऊ वर्षं पिवळाच्या पिवळा. राहीबाई, म्हणजे तात्याची बायको, कपाळावर हात मारून म्हणायची, "आवं, लेंड्या मेंढरं टाकत्यात, भुवया न्हाई!"

तात्या ऐकतोय कशाला.

सेहेचाळीस सालच्या फाल्गुनात तात्याच्या पोरीचं, शालूचं लग्न ठरलं. नवरा विट्याचा मानसिंग, पलटणीतून सुट्टीवर आलेला. रजेचे चारच दिवस उरलेले, त्यामुळं गोरज मुहूर्त चुकला तर लग्न वर्षभर लांबणार होतं. तात्यानं आठ दिवस आधी खरसुंडीहून एक खिल्लार बैल आणला आणि त्याचं नाव ठेवलं चांद्या. पांढराशुभ्र, अंगावर एक भोवरा वावगा नाही. नवरीच्या गाडीला तोच जुंपायचा होता, म्हणून मानेचा एक केस मोडू नये यासाठी तात्यानं तोवर त्याच्यावर जू म्हणून ठेवलं नाही.

लग्नादिवशी सकाळीच त्यानं कोंडीबाला निरोप धाडला, "नवरीची गाडी जाईस्तवर मेंढरं वढ्यापल्याड ठेव. तोंड दावू नगंस." कोंडीबा मेंढरं घेऊन ओढ्यापलीकडं गेला.

वऱ्हाडाच्या गाड्या पुढं गेल्या. मागून नवरीची गाडी निघाली. एका बाजूला चांद्या, दुसऱ्या बाजूला घरचा म्हातारा पाखऱ्या. वेशीपाशी येताच चांद्यानं फतकल मारली.

तात्यानं चुचकारलं, पेंड दाखवली, शेपूट पिरगाळलं. चांद्या रवंथ करीत बसला. गावातले बैल वऱ्हाडाबरोबर गेलेले, ऊन चढत चाललेलं, गाडीत शालू मुंडावळ्या सांभाळत हुंदके देत बसलेली. "तात्याची पारख बसली खाली!" पारावरून कुणीतरी म्हणालं. तात्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरीचं लग्न त्याच्याच हातानं मोडत होतं.

राहीबाईनं मात्र पदर खोचला आणि ओढ्याकडं तोंड करून हाक दिली, "कोंडीबा, ये रं भावा!"

कोंडीबा पळत आला. त्यानं ना भोवरे बघितले ना शिंगं. बैलाच्या कुशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तात्या, बैल गुणाचा हाय. ह्या उजव्या बरगडीवरची केसं बगा, गाडीच्या मधल्या दांडीला घासून गेल्यात. म्हंजी दांडी कायम ह्याच्या उजव्या अंगाला हुती. ह्यो डावीकडं चालल्याला बैल. तुमी उजवीकडं का जुपला?"

तात्या खाली बघू लागला. भावकीची घरं रस्त्याच्या उजव्या हाताला होती. चांद्या त्यांच्या डोळ्यात भरावा, एवढंच तर त्याला हवं होतं.

पाखऱ्या दोन्ही अंगांनी चालणारा, त्याची काही तक्रार नव्हती. कोंडीबानं दोन्ही बैल सोडले आणि जिभेनं टकटक केलं. चांद्या उठला, त्यानं अंग झाडलं आणि डावीकडं जू मानेवर येताच घुंगरं वाजवत असा निघाला की शालू रडता रडता खुदकन हसली. दिवस बुडायच्या आत गाडी विट्यात पोचली आणि अक्षता वेळेवर पडल्या. तात्यानं त्या दिवशी व्याह्यापेक्षा चांद्यालाच जास्त वेळा मिठी मारली.

लग्नाची आवराआवर झाल्यावर तात्या बुंदीच्या लाडवांची दुरडी आणि नवा पटका घेऊन राहीबाईसह कोंडीबाच्या तळावर गेला. "चुकलं माझं, कोंडीबा," त्यानं सरळ सांगितलं. "उद्यापासनं मेंढरं माझ्या रानात बसीव. नऊ वर्सं येड्यासारखा वागलो."

कोंडीबानं पटका डोक्याला गुंडाळला, लाडू तोंडात टाकला आणि तात्याकडं बघत थबकला. "तात्या, राग मानू नगा. पर तुमच्या बी भुवया जुळाय लागल्यात की!"

तात्यानं कपाळ चाचपलं. लग्नाच्या धांदलीत दादासो न्हाव्याच्या तीन खेपा चुकल्या होत्या, दाढी तेवढी त्यानं घाईघाईनं घरीच उरकलेली. गंधाच्या जागी बोटाला खुंट लागले.

राहीबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. "सासूबाई जाताना मला बजावून गेल्या हुत्या, न्हाव्याची खेप कवा चुकवू दिऊ नगंस. आज कळलं का ते!"

आईचं ते सगळं शिकवणं, ती निगा, ती गंधाची जागा! तात्या असा हसला की मेंढरं बिथरून उठली.

त्या आठवड्यात दादासोनं नेहमीसारखा वस्तरा कपाळाकडं नेला, तेव्हा तात्यानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे रं. आता कोंडीबा माझ्या रानात हाय. दोगं शोभून दिसू."