चार बोटं डावीकडे

पिपरी मेघेतला माझा नेहमीचा मिस्त्री, गाडी मेली असं कधीच स्वतःच्या तोंडानं सांगत नाही. आधी बॉनेटवर हात ठेवतो, दुखणाईताच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि तंबाखूचा खर्रा चघळणं थांबवतो. त्याचा जबडा थांबला की मला धडकी भरते. डॉक्टरही इतकं ताटकळवत नाहीत.

वडिलांची दोन दारांची स्पोर्ट्स कार सेलूच्या गोठ्यात बारा वर्षं पडून होती. ती दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, हे त्या दिवशी ठरणार होतं. मिस्त्री गोठ्यातच, जॅकवर उचललेल्या गाडीखाली सरपटत गेला, बाहेर आला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात दिला.

"तुमीच टोचा. चेसिस सडली असन त टोक आत जाईन. मी टोचलं त उद्या म्हनसान, यानंच भोक पाडलं."

मी खाली शिरलो आणि जिथला रंग शाबूत होता तिथंच टोचलं.

"टणक आहे की!" मी ओरडलो.

तो शेजारी येऊन आडवा झाला. त्याचा जबडा थांबला. त्यानं माझं मनगट धरलं आणि चार बोटं डावीकडे, गंजाच्या फुगवट्यावर सरकवलं.

"आता दाबा."

माझा हात हलेना.

"मंग तुमाले मालूमच हाये," तो म्हणाला, आणि पुन्हा खर्रा चघळू लागला.