कानसेन आणि पिनियनची शिट्टी

गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत. गाडी फाटकातून आत यायच्या आधीच तो आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. चाळीस वर्षं कानांवर इतकं भागलं होतं, की डोळ्यांना त्यानं जवळजवळ पेन्शनच देऊन टाकली होती.

म्हणूनच शाळेच्या गाडीचे क्राउन-पिनियन बदलताना त्यानं रंग लावला नाही. मागच्या ॲक्सलच्या पोटातली ही दोन दातेरी चाकं. क्राउन ताटाएवढं, पिनियन मुठीएवढं. दातांना रंग फासून फिरवली, की कुठे घासतात ते ठशावरून कळतं. पण कानसेनाचं म्हणणं, "रंग बहिऱ्यांसाठी. नीट बसलं नाही, तर पिनियन शिट्टी मारतंच की!"

ट्रायलला निघाला तेव्हा बायको मागच्या सीटवर येऊन बसली. बहिणीकडे सोडा म्हणाली. मोकळ्या रस्त्यावर त्यानं वेग वाढवला.

"बघ, चूं नाही!"

"मग शिट्टी कोण मारतंय?"

"कुठली शिट्टी?"

"अहो, तुम्ही पाय दाबला की वाजते, सोडला की बंद. ही काय, आत्ता!"

त्यानं दाबला, सोडला, पुन्हा दाबला. इंजिन ऐकू येत होतं, टायर ऐकू येत होते. शिट्टी नाही. त्यानं गाडी कडेला घेतली. महिनाभरात दोनदा त्यानं घरच्या किटलीची शिट्टी साफ करून बसवली होती. वाजतच नाही म्हणून.

"किटली..." तो म्हणाला.

"ती धडधाकट आहे. मला वाटायचं, उठायला नको म्हणून सोंग घेताय." मग म्हणाली, "माझ्या हाकांचंही तसंच वाटायचं."

संध्याकाळी ड्रायव्हर गाडी न्यायला येणार होता. शिट्टी त्याला पहिल्याच वळणावर ऐकू आली असती, आणि कानसेन हे नाव तिथंच संपलं असतं.

बहीण राहिली बाजूला. दोघं गॅरेजात परतले. त्यानं सगळं पुन्हा खोललं, मुकाट्यानं दातांना रंग फासला. ठसा दातांच्या पार टोकाला उमटला. पिनियनमागची पातळ चकती काढून त्यानं किंचित जाड घातली; पिनियन मोठ्या चाकाजवळ सरकलं, ठसा मधोमध आला. चष्मा पुसून त्यानं तो दोनदा बघितला. या वेळी ट्रायलला बायको पुढच्या सीटवर बसली.

"आता?"

"आता फक्त तुमचं धापा टाकणं."

ड्रायव्हर आला. "काय कानसेन, स्वतः ऐकलंत ना?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही रे. वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकू येत नाहीत आता मला. मी रंग बघितला, ऐकलं हिनं."

ड्रायव्हरनं गाडीभोवती एक चक्कर मारली, आत बसला आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "वहिनी, ब्रेक करकरताहेत, पुढच्या आठवड्यात तेवढे ऐका. कुठेतरी जाऊन बसू नका!"

त्या दिवसापासून बायको त्याच्याशी खालच्या पट्टीत, जाड आवाजात बोलते. टोमणे आता त्याला शब्दन् शब्द ऐकू येतात. आणि मागे हुकलेले ती सवडीनं पुन्हा सांगते आहे.