गुलनारचं जुनं कार्ड

बोरी अरबमध्ये कुणी घर बांधायला काढलं की आधी गवंडी ठरतो, मग लोखंडाचा भाव विचारला जातो, आणि मग कुणीतरी सांगतं की जफर वेल्डिंगवाल्याच्या घरून थ्रीडी काढून घे. थ्रीडी म्हणजे अजून न बांधलेल्या घराचं रंगीत चित्र. गॅलरीला काचेचं रेलिंग, खांबांना दगडी टाईल, गेटसमोर पांढरी चारचाकी, मग मालकाच्या दारात सायकल का असेना. ही चित्रं काढायची जफरची बायको, गुलनार.

गुलनारनं यवतमाळच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. लग्नाआधी दारव्ह्याला एका इंजिनियरकडे ती नकाशे काढायची. लग्न होऊन बोरीला आली तेव्हा जुना कॉम्प्युटर सोबत आणला, आणि मागच्या खोलीत खिडकीजवळ टेबल मांडून काम सुरू केलं. पुढच्या बाजूला जफरचं वेल्डिंगचं दुकान होतं, गेट, ग्रिल, शटर सगळं तिथं व्हायचं. दुकानाचं मीटर वेगळं आणि घराचं वेगळं, पण तार एकाच खांबावरून आलेली. जफरनं पुढे लोखंडाला रॉड टेकवला की मागे बल्ब मान टाकायचा, यूपीएस किंचाळायचा आणि गुलनारचा कॉम्प्युटर बसायचा. म्हणून सकाळची नमाज झाली की ती टेबलाशी बसायची आणि दुकान उघडेपर्यंत जेवढं होईल तेवढं उरकायची. ही वाटणी दोघांनी बसून ठरवली नव्हती. बऱ्याच भांडणांनंतर ती आपोआप पडली होती.

अशी काही वर्षं गेली. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी वामनराव आले.

वामनरावांची जवळच्याच खेड्यात कपाशी आणि तुरीची चांगली शेती होती. गावठाणातल्या प्लॉटवर नवीन घराचा पाया भरून झाला होता, भिंती उठायच्या होत्या. नकाशा गुलनारनंच काढून दिलेला. आता त्यांना थ्रीडी हवी होती, पण चित्र नको होतं. त्यांचा जावई महागावला राहायचा. त्यानं आपल्या घराचा व्हिडिओ करून घेतला होता, ज्यात दारातून आत शिरून सगळ्या खोल्यांतून फिरता यायचं आणि फरशीत पंख्याचं प्रतिबिंबही दिसायचं. वामनरावांनी मोबाईल पुढे धरला आणि सांगितलं, "बेटा, मले अस्संच पाह्यजे. जावयाच्या घरापेक्षा कमी नको."

सोबत त्यांची बायको बेबीताई होती. ती खुर्चीच्या कडेला बसून राहिली, चहा घेतला, काही बोलली नाही.

गुलनारनं हो म्हटलं, आणि तिथूनच तिचा वैताग सुरू झाला. तिच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक कार्ड जुनं होतं. एका जागेवरून एक चित्र ते कसंबसं ओढायचं. फिरतं घर करायला घेतलं की पहिल्या खोलीतच त्याचा दम निघायचा. पडद्यावर ठिपके यायचे, फरशी काळी पडायची, आणि मग मेमरी पुरत नाही असं सांगून सॉफ्टवेअर स्वतःच बंद व्हायचं. तिनं पडदे काढले, सोफा काढला, कुंड्यांमधली झाडं काढली. तरी तेच. एकदा सगळं जुळून आलं, हॉलमधून कॅमेरा जेमतेम दारापर्यंत पोचला, आणि पुढे जफरनं कुणाच्यातरी शटरला रॉड टेकवला.

त्या दिवशी तिनं यवतमाळला विक्कीला फोन लावला. विक्कीचं दत्त चौकाकडे कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि तिचा कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा. त्याच्याकडे नुकतंच एक वरच्या दर्जाचं कार्ड आलं होतं. त्यानं त्याचं नाव आणि आकडे धडाधड सांगितले आणि म्हणाला की हे घेतलं तर घर काय, पूर्ण कॉलनी फिरवता येईल. गुलनारला बरं वाटलं. पण दुसऱ्या फोनमध्ये त्यानं सांगितलं की तिचा पॉवर सप्लाय त्या कार्डाला पुरणार नाही, तो बदलावा लागेल. तिसऱ्या फोनमध्ये निघालं की कार्ड तिच्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावणारच नाही, डबाही मोठा लागेल. मग एवढ्या यूपीएसवर ते चालणार नाही हेही कळलं. प्रत्येक फोननंतर एक नवी वस्तू वाढायची आणि विक्की दरवेळी म्हणायचा, "भाभी, एकदा करा न् मोकळे व्हा."

ती मोबाईलवर त्या कार्डाची माहिती सांगणारे व्हिडिओ पाहायला लागली. सांगणारी पोरं एसीच्या खोलीत बसलेली, भिंतीला निळे-जांभळे दिवे लावलेले. कोणत्या गेममध्ये किती फ्रेम मिळतात यावर ती तासन्‌तास बोलायची. यवतमाळच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हे कार्ड किती तापेल, शेजारी वेल्डिंग चालू असेल तर काय होईल, हे कुणीच सांगत नव्हतं. एकानं म्हटलं घ्या, दुसऱ्यानं म्हटलं थांबा, पुढच्या वर्षी याहून चांगलं येतंय. ती मोबाईल पालथा ठेवायची आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलायची.

तिचा भाऊ अफरोज पुण्याला नोकरीला होता. त्यानं सांगितलं की कार्ड घ्यायची गरजच नाही, फाईल इंटरनेटवरून पाठव, तिकडची मोठी मशीन भाड्यानं काम करून देते. गुलनारनं तेही केलं. फाईल वर चढायला लागली, अर्ध्यावर आली आणि नेट गेलं. पुन्हा पहिल्यापासून. असं तीनचार दिवस रोज सकाळी झालं. अफरोजला सांगितलं तर तो म्हणाला की मग नेटच चांगलं घे. गुलनारनं फोन ठेवून दिला. ज्याच्या त्याच्याकडे तिच्यासाठी घ्यायची एक वस्तू तयार होती.

जफरशी तर विषय काढायची सोय नव्हती. त्याचं म्हणणं, लोक एका फोटोवर घर बांधून मोकळे होतात, त्यांना आत फिरवायची काय गरज. आणि नवं कार्ड एवढी वीज ओढणार असेल तर दुकान कधी उघडायचं ते आत्ताच सांगून दे. घरात दोघं आपल्या हिंदीतच बोलायचे. तो शांतपणे म्हणाला, "लेना है तो ले ले. पर दिन को मेरा काम बंद नहीं होगा." त्यात चुकीचं काही नव्हतं. गिऱ्हाईकाला गेट वेळेवर द्यावंच लागतं. तो चुकीचं बोलत नव्हता म्हणूनच तिला जास्त राग आला.

शेवटी विक्कीनंच मार्ग काढला. ते कार्ड त्यानं दुकानातल्या एका मशीनला लावलं आणि तिला फाईल घेऊन बोलावलं. वामनरावांना टाईल पाहायला यवतमाळला जायचंच होतं, त्यामुळे तेही बेबीताईला घेऊन दुकानात आले.

घर उघडलं आणि गुलनार पाहतच राहिली. बोरीला जे चित्र व्हायला पूर्ण सकाळ जायची ते इथं बोट लावताच उभं राहिलं. खिडकीतून ऊन आत आलं, फरशी चमकली. माऊस सरकवला की दार मागे पडायचं आणि हॉल समोर यायचा. आपण हे घर आखलं आणि आज पहिल्यांदा त्यात पाऊल टाकलं, असं तिला वाटलं.

पण वामनराव बाजूलाच बसले होते. त्यांनी हॉलला पिवळा रंग लावायला सांगितला. लावला. मग हिरवा करून पाहू म्हणाले. मग पिवळाच बरा होता, पण थोडा फिका. मग खांब गोल केले, चौकोनी केले, पुन्हा गोल केले. बोरीला ती म्हणायची की काका, आता उद्या या, चित्र व्हायला वेळ लागते. तो उद्या यायच्या आत निम्म्या सूचना माणूस विसरून जायचा. इथं तिला म्हणायला काही उरलं नव्हतं. ते बोलत गेले आणि मशीन करत गेली. गुलनारचा हात दुखून आला, आणि शेवटी हॉल पहिल्यासारखाच झाला. मशीन एवढी पळते, आणि आपलं काम मात्र तसूभरही कमी होत नाही, हे पाहून तिच्या कपाळाची शीर उडायला लागली.

वामनराव पाणी प्यायला उठले तेव्हा बेबीताईनं खुर्ची जवळ ओढली. "बाई, मले एकदा सैपाकखोलीत नेता का? ओट्यापाशी उभं करा."

गुलनारनं तिला ओट्यापाशी नेलं. समोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर करडी भिंत.

"हे काय हाय?"

"शेजाऱ्याच्या घराची भिंत आहे काकू."

बेबीताईनं मागे वळवायला सांगितलं. मागेही भिंत. दार बाजूला, तिथून फक्त बोळ दिसायचा. ती हळूच म्हणाली, "म्हणजे इथंबी मले भिंतच दिसन. सध्याच्या घरात सारी जिंदगी भिंतीकडं पाहून पोळ्या केल्या. मले वाटलं होतं, नव्या घरात आंगण दिसन."

वामनराव परत आले होते. त्यांनी विचारलं, "नकाशा तुले दाखवला होता ना? तू हो म्हटलं होतं."

"कागदावर मले काईच समजत नोतं," बेबीताई म्हणाली. "तुमी सारे मान हालवून राह्यले होते, मीबी हालवली."

तो नकाशा गुलनारनंच टेबलावर पसरला होता, बोट ठेवून ही खोली, ही खिडकी असं सांगितलं होतं, आणि बेबीताईची मान हललेली पाहून समाधानानं गुंडाळून ठेवला होता. त्या टेबलाशी अशा किती बायका बसून गेल्या असतील. सगळ्यांनी चहा घेतला होता, सगळ्यांनी मान हलवली होती.

तिनं तिथल्या तिथं ओटा अंगणाकडच्या, पूर्वेच्या भिंतीला लावला आणि तिथं खिडकी काढली. भिंती उठायच्या होत्या म्हणून हे जमण्यासारखं होतं. वामनराव जरा कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत. मग दोघं टाईलच्या दुकानाकडे गेले.

विक्कीनं विचारलं, "मग पॅक करू ना भाभी?" गुलनारनं सांगितलं की घरी विचारते. विचारायचं काही नव्हतं, ते तिलाही माहीत होतं. एसटीत खिडकीशी बसून ती स्वतःवरच चरफडत राहिली. कार्ड घ्यायलाच पाहिजे, हे आता तिला पटलं होतं. त्याच्याशिवाय बेबीताईला भिंत दिसली नसती. आणि ते घरी आणून चालवायचं कसं, हे काही केल्या सुटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलाशी बसली ती रागातच. फाईल उघडली आणि एकेक गोष्ट उडवायला लागली. टाईल उडवल्या, रंग उडवले, फरशीची चमक, दिवे, गेटसमोरची गाडी, सगळं. याआधी तिनं सामान काढून पाहिलं होतं, पण चमकेला हात लावला नव्हता, कारण गिऱ्हाईक पैसे चमकेचेच देतं. शेवटी नुसत्या राखाडी भिंती, दारं, खिडक्या आणि ओटा उरला. तिनं माऊस सरकवला. जुनं कार्ड कुरकुरलं, एकदा अडखळलं, आणि घर फिरलं. झटके देत, जुन्या जीपसारखं, पण दारातून हॉलमध्ये, हॉलमधून ओट्यापाशी. ती दोनदा जाऊन आली. मग तिला रडू आलं, कारण गेले दोन महिने तिनं ज्या गोष्टीपायी झोप घालवली ती या डब्यात पहिल्यापासून होती.

तिनं बेबीताईला बोलावून घेतलं आणि या वेळी माऊस तिच्याच हातात दिला. बेबीताई दोनदा भिंतीतून आरपार गेली आणि दोन्ही वेळा ओशाळली. तिसऱ्यांदा दारातून नीट आत आली. ओट्यापाशी थांबली, खिडकीतून अंगण पाहिलं, आणि म्हणाली की खिडकी वीतभर खाली घ्या, मी ठेंगणी आहे.

वामनरावांना मात्र ते राखाडी घर पाहवलं नाही. ते म्हणाले, "हे तं कोंबड्याचं खुराडं दिसून राह्यलं." जावयाला काय दाखवू, हा त्यांचा प्रश्न होता. गुलनारनं समजावून पाहिलं. शेवटी ते बदललेला नकाशा घेऊन दारव्ह्याच्या एका पोराकडे गेले आणि व्हिडिओ तिकडून करून आणला. वास्तूच्या दिवशी तो व्हिडिओ आलेल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरत होता. लोक त्या पोराचा नंबर मागत होते. गुलनार आणि जफर पंगतीत जेवले, वांग्याची भाजी चांगली झाली होती, आणि घर कुणी आखलं हे कुणी विचारलं नाही. बेबीताईनं तिला आत नेऊन ओटा दाखवला आणि पुन्हा वाढायला पळाली.

तेव्हापासून गुलनारनं एक पद्धत ठेवली. नकाशा झाला की ती घरच्या बाईला बोलावते, राखाडी घरात फिरवते, आणि मगच रंगीत चित्राला हात लावते. काही पुरुषांना हे आवडत नाही. दोघेतिघे तर अर्ध्यातून उठून दारव्ह्याला गेले. त्या प्रत्येक वेळी ती दिवसभर धुसफुसते आणि जफरवर उगाच ओरडते.

विक्कीचा फोन दिवाळीआधी आला. ते कार्ड कुण्या गेम खेळणाऱ्या पोरानं नेलं होतं, पण त्याहून भारी एक आलं होतं. गुलनारनं सांगितलं की तिला नको. तो नाराज झाला. म्हणाला की भाभी, जमाना कुठं चालला ते पाहा, वर्षभरात तुम्ही स्वतःच मागायला येसान.

"येईनही," ती म्हणाली. तिला ते अगदीच खोटं वाटत नव्हतं. मग तिनं फोन ठेवला, कारण पुढच्या खोलीत मुकुटबनहून आलेली दोघं नवरा-बायको बसली होती, आणि नवरा बायकोला सांगत होता की तू बाहेरच थांब, मी पाहून येतो.

"दोघंही या," गुलनार आतून म्हणाली.