सवाष्ण की कुमारिका?

आमच्या दारव्ह्याच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाला एक सवाष्ण आणि एक कुमारिका पाय धुऊन पहिल्या पंगतीला बसवतात. यात कधी अडचण आली नव्हती. ती माझ्या धाकट्या बहिणीने आणली. ती पुण्यात एका मुलासोबत लग्न न करता राहते. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंय. आईने तर बोलणंच टाकलं होतं. म्हणजे स्वतः बोलायची नाही, पण मला फोन स्पीकरवर ठेवायला लावून शेजारी तूर निवडत बसायची.

यंदा बहीण म्हणाली, "ताई, आम्ही दोघं येऊ. तो चालत नसेल तर मीही येणार नाही. कधीच."

आई मान वर न करता मला म्हणाली, "ये म्हना. जेवाले कोनाले नाही म्हनते का कोनी?"

मग आमची विद्वत्सभा भरली. अध्यक्ष अर्थातच आत्या. बहिणीला सवाष्ण म्हणावं तर मंगळसूत्र नाही, कुमारिका म्हणायला कोणाची जीभ रेटेना. काकांनी सुचवलं, मुलाची ओळख 'ऑफिसातले सर' अशी करून द्यावी. गल्लीला सगळं आधीच माहीत होतं. दोघं काळीपिवळीतून उतरले तेव्हा समोरच्या काकू स्वयंपाक टाकून दारात उभ्या होत्या.

मुलाने आल्या आल्या कढीची बादली उचलली आणि वाढायला लागला. आत्याने सोवळ्याच्या नावाने नाक मुरडलं आणि पुन्हापुन्हा त्याच्याच हातची कढी मागून घेतली. पहिल्या पंगतीला शेजारची सवाष्ण आणि तिची मुलगी बसल्या. बहीण शेवटच्या पंगतीत माझ्याजवळ जेवली. आई सगळ्यांना आग्रह करत होती, तिच्या पानाशी आली की नुसतीच वाढून पुढे जायची. मला बहिणीच्या हट्टाचा राग होताच, आता आमच्या सगळ्यांचाच आला.

निघताना आई तांदूळ आणि नारळ घेऊन बाहेर आली. माहेरी आलेल्या लेकीला आमच्याकडे ओटी भरल्याशिवाय पाठवत नाहीत.

"अवं, तिचं लग्न कुठं झालं? ओटी कायची भरून राह्यली?" आत्या ओरडली.

"पोरगी मायी हाये," आई म्हणाली.

मी घाईने बहिणीकडे पाहिलं. कारण ओटी म्हणजे बाईला फक्त पोरं काढायचं यंत्र समजणं, असं सविस्तर व्याख्यान याच मुलीने मला फोनवर दिलं होतं. ती जीन्समध्ये, पदर नाही, ओढणी नाही. तिने नारळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी पसरला.

"आई, मले हे काहीच पटत नाही."

"मले तुयं कुठं पटते?" आई म्हणाली. "धर नीट, तांदूळ सांडून राह्यले."