धुक्यातले स्वार

चित्रासमोर उभे राहिले की आमचे सर डोळे जवळजवळ मिटून घेत. "पुरे डोळे उघडे ठेवले का नुसते रंग दिसते. डोळे बारीक कर, मंग चित्र दिसते," असं ते मला सांगत. जरीपटका भागात एका कापड दुकानाच्या वर त्यांचा चित्रकलेचा वर्ग होता. कॉलेजची सगळी वर्षं माझ्या संध्याकाळी तिथेच गेल्या.

सर घोडे रंगवायचे, म्हणून सगळे त्यांना घोडेवाले सर म्हणत. त्यांच्या सर्वांत मोठ्या चित्रात पहाटेच्या धुक्यातून काही स्वार निघाले होते. ओल्या रंगावरून सर फडकं इतक्या हलक्या हाताने फिरवत, की घोड्यांचे पाय धुक्यात विरून जात. "पाय दाखवले का घोडा उभा राहते वं. लपवले का चालाले लागते."

सगळ्यात मागचा स्वार तेवढा मान वळवून पाहत होता. माझी नजर तिथे अडली. सरांनी विचारलं, "काहून थांबली?" आणि कुणालाच न सांगितलेलं मी त्यांना सांगून बसले. बाबा अशाच एका पहाटे घर सोडून गेले होते. आई शेजारीपाजारी सांगायची, त्यांना सुरतेला नोकरी लागली. सरांनी रंगाने माखलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. बाबा गेल्यापासून मला इतकं आपलं कुणी वाटलं नव्हतं.

पुढे सदर भागात सरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मी हौसेने आईला घेऊन गेले. शेजारच्या काकूही आल्या. स्वारांच्या चित्रापाशी कुणीतरी विचारलं, या चित्रातला भाव काय? सरांनी मला जवळ ओढलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा मागचा स्वार म्हणजे हिचे वडील. बायको-पोरीले टाकून गेलेला माणूस. त्याची मान पाहा, कशी अवघडली आहे!"

लोकांनी चित्राकडे पाहिलं. काकूंनी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे पाहत होती.

जिन्यात मी सरांना गाठलं. "सर, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

ते खरंच गोंधळले. "लोकायले चित्र समजलं पाहिजे ना वं. पाह्यलं नाही, कसे गहिवरले?"

मी वर्ग सोडला. काही दिवसांनी सर घरी आले. मी आतल्या खोलीत दाराआड उभी राहिले. आईने त्यांना चहा दिला.

"पोरीचा हात चांगला आहे, तिले पाठवा," ते म्हणाले.

"हात तुमीच घडवला सर, ते मी विसरत नाही," आई म्हणाली. "पण पोरगी आता मनातलं कोणालेच सांगत नाही. मलेबी नाही."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग गल्लीत त्यांची स्कूटर सुरू झाली. ती पार दूर जाईपर्यंत मी बाहेर आले नाही.